हरीणमाशी

थेटफर्डच्या जंगलाच्या कडेला एक शेड आहे,
बाहेरून हिरवा पत्रा, आत दवाखान्यासारखा पांढरा उजेड
आणि आकड्यांना उलटी टांगलेली हरणं.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे जाते,
उवांच्या फणीने मेलेल्यांचे केस विंचरायला.

हे माझं काम आहे. विद्यापीठाचं.
मार्चपर्यंतचे पैसे मंजूर आहेत.
आई फोनवर म्हणाली, एवढं शिकलीस, आणि शेवटी उवाच?
उवा नाहीत गं. माश्या.
पण माशी म्हटलं की तिला गुळाच्या ढेपेवरची दिसते,
आणि ही तशी नाही.
चपटी, तपकिरी, खेकड्यासारखी तिरपी पळणारी,
नखाखाली दाबली तरी न मरणारी.

ट्रेव्हर ऑलप्रेसने बत्तीस वर्षं इथली हरणं मोजली,
आणि जास्त झाली तेव्हा मारलीही.
चारुशीलाचं त्याने पहिल्याच आठवड्यात शीला केलं.
तो सांगतो, सप्टेंबरात ही नेच्यांतून वर येते,
उडणं तिला धड जमत नाही.
हलणारं, उबदार काही आलं की त्यावर बसते
आणि बसली की पंख टाकून देते.
मुळापासून.
परतीचं तिकीट फाडावं तसं, मी म्हणाले.
सुरी पुसता पुसता तो म्हणाला,
तिकीट एकेरीच असतं, शीला.

भिंगाखाली पाहिलं: खांद्यांवर दोन खुंट.
आपल्याकडे पंख फुटतात, कुणीतरी ते छाटतं.
स्वतःच उतरवायचे, यासाठी शब्द आठवेना.
वहीत लिहिलं, 'काढून ठेवले',
उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसे.
पण चपला पुन्हा घालता येतात.

अंडी घालत नाही ती.
एका वेळी एकच अळी, पोटातच वाढवते,
आतल्या आत दूध पाजून.
पूर्ण भरली की सोडून देते खाली,
हरीण जिथे बसलं असेल तिथे, गवतात,
मोहरीहून जरा मोठा, काळा, चकचकीत दाणा.
हे आईला सांगितलं.
एकेकच? तिने विचारलं.
हो.
मग बरं करते, ती म्हणाली, आणि विषय बदलला.

शुक्रवारी चार वाजता रो हरणाची मादी आणली.
अंगावर हात ठेवला तर अजून जिवंत वाटावी इतकी गरम.
सहापर्यंत काही झालं नाही.
मग मानेवरच्या केसांच्या टोकांवर एक आली,
मग पोटावर चार,
मग मी मोजणं सोडलं.
देह गार पडत चालला की त्यांना कळतं,
सगळ्याजणी वर येतात आणि थांबतात.
घर गेलंय, आणि जायला पंख नाहीत.
माझ्या हातमोज्याची ऊब लागली तेव्हा
सगळ्यांची तोंडं इकडे वळली.
मी हात काढून घेतला.
मग बाटली पुढे केली, अल्कोहोलची.
एकशे सव्वीस.

परतताना पाइनमधून दीड मैल चालले.
अंधारात मुंटजॅक भुंकलं.
मुंटजॅक म्हणजे आपलं भेकर, निदान लांबचं चुलत,
त्यालाही कुणीतरी कुठूनतरी इथे आणून सोडलेलं.
नेचे कमरेपर्यंत आलेले, गंजलेल्या रंगाचे.
घाई होती, बस चुकली असती.

नाकावर माशी बसू देत नाही ही, असं माझ्याबद्दल
घरात सगळे म्हणायचे.
रात्री स्वेटर काढून झटकला
तर बेसिनच्या पांढऱ्यावर काहीतरी पडलं,
कांद्याच्या सालीच्या कपच्यासारखं, शिरा असलेलं.
चष्मा लावून वाकले.
दोन पंख.
दिव्याखाली उभी राहून केस सोडले,
कामाचीच फणी घेतली,
कानामागून, मानेवरून, पुन्हा कानामागून.

पंखच मिळाले फक्त.